हिरव्या पाण्याची बखर

'निवळणे' हे आपल्या भाषेतले मोठे समाधानी क्रियापद आहे. आभाळ निवळते, भांडण निवळते, घरातले वातावरण निवळते. पण या साऱ्या अर्थांच्या तळाशी आहे ते पाणीच. संस्कृतातल्या 'निर्मल'पासून हा शब्द आला आणि त्याच 'निर्मल'पासून निवळी नावाच्या झाडालाही नाव मिळाले. या झाडाची बी माठाच्या आतल्या अंगाला उगाळायची, वर गढूळ पाणी ओतायचे आणि माठ रात्रभर हलवायचा नाही, अशी जुनी रीत. सकाळी गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी. संस्कृतात हिला 'कतक' म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाच्या धर्माविषयी सांगताना मनू म्हणतो की, कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी काही स्वच्छ होत नाही. धर्मशास्त्रात इतका व्यवहारी दाखला आलेला पाहून मला नेहमी बरे वाटते.

सहाव्या शतकातला वराहमिहिर आणखी पुढे जातो. त्याच्या बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी शोधण्यावर 'दकार्गल' नावाचे एक प्रकरण आहे. त्यात नासलेल्या विहिरीसाठी एक पाठच दिला आहे: अंजन, नागरमोथा, वाळा, राजकोशातक आणि आवळा यांचे चूर्ण करावे, त्यात कतकाचे फळ मिसळावे आणि ते विहिरीत टाकावे. गढूळ, कडवट, खारट, बेचव किंवा वास येणारे पाणी याने नितळ आणि सुवासिक होते, असे तो सांगतो.

हे सारे आठवण्याचे कारण अगदी आजचे आहे. लोणावळ्या-कर्जतकडे बंगल्यांच्या मागे निळ्या फरशीचे पोहण्याचे तलाव झाले आहेत. मालक चार आठवडे फिरकला नाही, की त्यांतले पाणी मटकीच्या कढणासारखे गढुळते आणि पुढे पोपटी होते. मग माणसे बोलावली जातात, पिंपांतून पावडरी येतात. हिरवे पाणी पुन्हा नितळ करण्याची ही खटपट वरवर पाहता श्रीमंतांच्या घरची क्षुल्लक अडचण वाटते. पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा सारा घोळ एकाच प्रश्नाभोवती आहे: नितळ पाणी आणि निर्धोक पाणी ही एकच गोष्ट आहे काय?

निवळीने आणि तुरटीने जे होते ते निवळणेच. गढूळ पाण्यातले कण इतके बारीक असतात की, आपल्या वजनाने ते खाली बसत नाहीत. त्यांच्या अंगावर एकाच जातीचा विद्युत्भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटीत अधांतरी राहतात. तुरटी पडली की तो भार मारला जातो, कण एकमेकांना बिलगतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि ते संथपणे तळाशी जातात. डोळ्यांचे समाधान होते. परंतु पुंजक्यांबरोबर काही जंतू खाली गेले, तरी पुष्कळसे मागे उरतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीने जो कहर केला, त्यात हीच गोष्ट उघडी पडली. डॉ. जॉन स्नो याने त्या वस्तीतल्या पंपावर बोट ठेवले, तेव्हा लोकांना ते पटेना, कारण पाणी दिसायला चांगले होते. पूर्वी त्या भागात राहिलेली एक विधवा हॅम्पस्टेडला राहायला गेली होती. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव इतकी आवडे की, ते ती मुद्दाम गाडीतून मागवून घेई. हॅम्पस्टेडला पटकीचा मागमूस नव्हता. तरी ती पटकीने गेली. गढूळ पाण्याला आपण नाक मुरडतो. तिला मात्र आवडीच्या पाण्याने मारले.

आपल्याकडे १८९० नंतरच्या दशकात आग्र्याच्या प्रयोगशाळेतला हँकिन नावाचा शास्त्रज्ञ विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार करू लागला. पटकीची साथ आली की विहिरीचे पाणी गुलाबी करायचे, असा तो उपाय. पाणी रंगीत झाले, म्हणजे निर्धोक होण्याच्या वाटेला लागले! वराहमिहिराला ही उलटी रीत पाहून आश्चर्यच वाटले असते.

शेवाळाची कथा निराळी आहे. पाणी हिरवे करणारे जीव माणसाला सहसा मारीत नाहीत. त्यांना ऊन हवे, ऊब हवी, थोडे नत्र आणि स्फुरद हवे. ते मिळाले की दोन-तीन दिवसांत स्वच्छ तलाव हिरवा होतो. अमेरिकेतल्या पाणीपुरवठा तलावांना या हिरव्या पाण्याच्या वासाने सळो की पळो करून सोडले होते. १९०४ साली तिथल्या शेतकी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी एक पुस्तिका काढून उपाय सांगितला: मोरचूद. आमच्या द्राक्षबागाईतदारांना मोरचुदाची ओळख करून द्यायला नको. चुन्यात कालवून ते त्याचे बोर्डो मिश्रण करतात आणि वेलीवर मारतात. तेच मोरचूद दहा लाख भाग पाण्याला एक भाग किंवा त्याहूनही कमी घातले, तरी कित्येक जातींचे शेवाळ मरते. पोत्यांत भरून ती पोती होडीमागे तलावभर ओढीत न्यायची, इतकी सोपी कृती. मात्र प्रमाण चुकले तर मासेही जातात.

याच सुमारास पोहण्याच्या तलावांची स्थिती काय होती? १८४६च्या कायद्यानंतर इंग्लंडातल्या नगरपालिकांनी स्नानगृहे आणि तलाव बांधले. ताजे पाणी भरायचे, लोकांनी त्यात आठवडाभर डुंबायचे आणि मग ते सोडून द्यायचे, हा शिरस्ता. पुष्कळ ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग असे आणि पाणी जसजसे मळत जाई तसतसे ते उतरे. गिरणीतल्या पोराला परवडायचे ते आठवड्याच्या शेवटचे पाणी. सामाजिक विषमतेचे इतके पारदर्शक, किंवा अपारदर्शक म्हणा, उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हा शिरस्ता मोडला तो क्लोरिनने. शेले याने १७७४ साली तो वायू तयार केला. १७९९ साली ग्लासगोच्या टेनंटने चुन्यात तो मुरवून विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचे, पेटंट घेतले. पण त्यावेळी तिचे काम कापड पांढरे करण्याचे. व्हिएन्नात सेमेल्वाइसने १८४७ साली डॉक्टरांना तिच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले. लोकांनी मात्र त्याला वेड्यात काढले. पिण्याच्या पाण्यात विष घालणार ही कल्पनाच कुणाला सोसेना. अखेर २६ सप्टेंबर १९०८ रोजी डॉ. जॉन लील याने जर्सी सिटीला पाणी पुरवणाऱ्या बूनटन तलावावर हे चूर्ण नेमाने टाकण्यास प्रारंभ केला, आणि तोही कुणाची परवानगी न घेता! जर्सी सिटी आणि पाणी कंपनी यांच्यात खटला आधीच चालू होता, त्यात हे प्रकरण गाजले. १९१० मध्ये निर्णय या पद्धतीच्या बाजूने लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत क्लोरिन पोहण्याच्या तलावांतही उतरला. एकच पाणी गाळून, औषध घालून पुन्हापुन्हा वापरता येऊ लागले, म्हणूनच घरामागे तलाव बांधण्याची ऐपत मध्यमवर्गाला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जी परसातल्या तलावांची रीघ लागली तिच्या मुळाशी सिमेंटइतकाच क्लोरिन आहे.

आता असा एखादा तलाव बिघडला, म्हणजे काय करतात ते सांगतो; कारण त्यात सारा इतिहास लहान अंशाने पुन्हा घडतो. आधी पाण्याची आम्लता तपासतात. तो आकडा ७.२ ते ७.८च्या दरम्यान नसला तर क्लोरिन वाया जातो. मग भिंती घासून शेवाळ सोडवतात आणि संध्याकाळी क्लोरिनची मोठी मात्रा देतात. संध्याकाळी अशासाठी, की उन्हात तो काही तासांत नष्ट होतो. गाळणयंत्र रात्रंदिवस चालू ठेवतात. एक-दोन दिवसांत हिरवा रंग जातो, आणि मालक निराश होतो. कारण पाणी नितळ न होता राखेसारखे धुरकट होते. तो धुरळा मेलेल्या शेवाळाचा. वाळूच्या गाळणीतून निसटण्याइतका तो बारीक असतो. इथे कारागीर पिशवी उघडतो आणि आत काय निघते? तुरटी, किंवा तिचेच एखादे भावंड! पंप बंद करून पाणी रात्रभर हलू द्यायचे नाही आणि सकाळी तळाचा गाळ हळूच ओढून काढायचा. माठाचीच रीत ही. काही ठिकाणी गाळणीत एक पांढरी माती वापरतात. ती माती म्हणजे डायअ‍ॅटम जातीच्या शेवाळांचे लाखो वर्षांपूर्वीचे सांगाडे. तेव्हा शेवाळ गाळायला शेवाळच कामी येते.

हिरवे पाणी स्वतः निरुपद्रवी असले, तरी ते कुणाला आसरा देते हेही पाहावे लागते. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या परिसरात घरकर्जे बुडाली, माणसे घरे सोडून गेली आणि परसातले तलाव तसेच हिरवे होत राहिले. त्यांत डास माजले. त्या उन्हाळ्यात केर्न परगण्यात वेस्ट नाईल तापाचे रुग्ण आदल्या वर्षापेक्षा २७६ टक्क्यांनी वाढले. सावकारीचे पाप डासांच्या सोंडेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगात शिरले. मुंबईकरांना ही गोष्ट नवी नाही. डॉ. बेंटलीने शहरातल्या हिवतापाची पाहणी करून १९११ साली अहवाल दिला, तेव्हा त्याने आरोपी ठरवले ते घरोघरच्या विहिरींना. त्या बुजवा किंवा पक्क्या झाका असे फर्मान सुटले. पूजेला आणि विधींना विहिरीचेच पाणी लागणाऱ्या हिंदू-पारशी घरांनी त्याला विरोध केला. कितीतरी विहिरी गेल्या. १७२५ सालची भिखा बेहराम विहीर मात्र चर्चगेटजवळ अजून आहे.

२०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये तर हा प्रश्न साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. ९ ऑगस्टला सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव एकाएकी गर्द हिरवा झाला, आणि पाठोपाठ शेजारचा मोठा तलावही. चौकशीअंती समजले की, ५ ऑगस्टला कुणीतरी पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. तेही पाणी शुद्ध करणारेच औषध. पण क्लोरिनशी त्याची गाठ पडली की दोघेही एकमेकांना निकामी करतात. दोन वैद्यांच्या भांडणात रोग्याचे जे होते ते झाले. पाणी धोक्याचे नाही, असे संयोजक सांगत राहिले आणि सूर मारणाऱ्यांनी त्या हिरव्या पाण्यातच पदके जिंकली. शेजारच्या तलावात मात्र तालबद्ध जलतरण व्हायचे होते. त्यात पोहणाऱ्यांना पाण्याखाली एकमेकी दिसाव्या लागतात. तेव्हा तिथले सुमारे ३७ लाख लिटर पाणी सोडून देऊन सरावाच्या तलावातले पाणी रातोरात भरावे लागले.

पाण्याखाली दिसणे, हीच ती गोष्ट. हिरवे पाणी निर्धोक असू शकते हे खरे, आणि नितळ पाणी घातकी असू शकते हेही खरे; पण म्हणून नितळपणा ही नुसती डोळ्यांची हौस म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावी २०११च्या जून महिन्यात एका सार्वजनिक तलावात एक बाई बुडाली. पाणी धुरकट होते. पुढचे दोन दिवस तलाव उघडा होता, मुले-माणसे पोहत होती, जीवरक्षक काठावर बसलेले होते, आणि ती तळाशी होती. दोन दिवसांनी रात्री प्रेत वर आले, तेव्हा कळले. राज्याने आपले इतर खोल तलाव तपासणीसाठी बंद केले. काठावर उभे राहिले असता तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे, नाहीतर तलाव उघडू नये, हा नियम त्या देशात आधीपासूनच होता.

मी ज्या भागात शिकवतो तिथे बंगले नाहीत, शेततळी आहेत. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली आणि ती पुष्कळ वाढली. काळ्या प्लास्टिकचा कागद अंथरलेले, उतरत्या भिंतींचे चौकोनी खड्डे. मार्च-एप्रिलमध्ये त्यांतले पाणी शेवाळाने हिरवेगार होते. कागदावर बुळबुळीत थर चढतो आणि आत घसरलेल्याला पुन्हा वर चढता येत नाही. सुटी लागली की कुठल्या ना कुठल्या गावाहून मुले बुडाल्याची बातमी येतेच. अशा वेळी शोधणारे आधी बांबूने चाचपतात, मग गळ टाकतात, आणि शेवटी इंजिन लावून सारे तळे उपसतात. ज्या पाण्यावर बाग जगायची ते पाणी वाटेने वाहून जाते आणि बाप काठावर उभा असतो. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मी वर्गात विचारतो, तुमच्या तळ्याची खोली किती? काठाला गाठी मारलेला दोर बांधला आहे काय? दोराबद्दल दोन-चार हात वर होतात. खोलीबद्दल यंदा एकच मुलगा बोलला. म्हणाला, "सर, पाणी हिरवं झालंय, तळ दिसत नाही."