‘वयाच्या मानानें’

१२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें वारले, तेव्हां त्यांचा रक्तदाब ३०० वर गेला होता. आणि त्यांचे वैद्य तर, वयाच्या मानानें अध्यक्षांची प्रकृति उत्तम आहे, असें सांगत आले होते! यांत राजकारण किती व अज्ञान किती, तें असो. पण ‘वयाच्या मानानें’ या दोन शब्दांत त्या काळचें वैद्यक सांठविलेलें आहे. उतारवयांत रक्तवाहिन्या कठीण होतात, सबब रक्त पुढें लोटण्यास दाब वाढणें अवश्यच, अशी भल्या भल्या डॉक्टरांची समजूत होती. तो उतरविणें कित्येकांस धोक्याचें वाटे.

१९४८ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रॅमिंगहॅम गांवीं उलटाच मार्ग धरण्यांत आला. रोग्याची वाट न पाहतां संशोधकांनीं धडधाकट माणसेंच बोलाविलीं. ५,२०९ स्त्रीपुरुष दर दोन वर्षांनीं तपासावयाचे, आणि हृदयविकार कोणास जडतो तें पाहत बसावयाचें! एवढा धीर विद्वानांत विरळा. १९६१ पर्यंत उत्तर आलें : वाढलेला दाब व रक्तांतील कोलेस्टेरॉल हीं रोगाच्या आधींच येतात.

तथापि दाब उतरविल्यानें म्हाताऱ्यांचें भलें होतें काय, हें केवळ निरीक्षणानें ठरणारें नव्हतें. त्यासाठीं साठीच्या पुढील ४,७३६ जणांवर प्रयोग झाला. मुख्यतः एका स्वस्त मूत्रल औषधाच्या अल्प मात्रेनें त्यांतील पक्षाघाताचें प्रमाण शेंकडा ३६ नीं घटलें. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला १९९१ सालीं, रूझवेल्टांच्या मृत्यूनंतर ४६ वर्षांनीं.