तळटीप : केसपेपरावरचा ‘टी’

* टी.पी.आर., टी.एल.सी., टी.टी., टी.डी.एस. : लेखक पेशाने डॉक्टर, त्यामुळे केसपेपरावरची अक्षरे त्यांनी जशीच्या तशी उतरवली आहेत. टी.पी.आर. म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता तो हाच. टी.एल.सी. म्हणजे रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशी. मोठ्या माणसात घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० असल्या तर ठीक. टी.टी. ही धनुर्वाताची लस. सरकारी लसीकरणात आता तिच्या जागी घटसर्पाचाही अंश असलेली ‘टी.डी.’ देतात.

टी.डी.एस. वाचून कुणी बिचकू नये, प्राप्तिकराशी त्याचा संबंध नाही. ‘तेर दिए सुमेन्दुम’ या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरे : दिवसातून तीनदा घ्यावे. डॉक्टरांच्या मनात दोन डोसांत आठ तासांचे अंतर असते. घरोघरी मात्र सकाळचा चहा आणि दोन जेवणे यांच्याशीच गोळीची गाठ बांधली जाते.

टी.बी.चे जरा वेगळे आहे. ही अक्षरे मुळात ‘ट्यूबरकल बॅसिलस’ची, म्हणजे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलेल्या क्षयजंतूची, रोगाला ती नंतर चिकटली. लेखक दोन्ही अर्थांनी वापरतात, आणि खुलासा करत नाहीत. या प्रकरणात ‘थुंकीत टी.बी. नाही’ असे येते, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत एवढेच समजावे. रोग्याला क्षय नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. — संपादक