भीमजयंतीची मिरवणूक आणि कोरोनाची दोन वर्षे

भांडुपसह मुंबईच्या उपनगरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीच्या मिरवणुका २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे निघाल्या नाहीत. कोरोना महामारीमुळे बाबासाहेबांची १२९ वी आणि १३० वी जयंती घराघरांत साजरी झाली. आज मंडळांची जबाबदारी घेणारे अनेक तरुण तेव्हा शाळेत होते. त्यांच्यासाठी ही नोंद.

मिरवणुकीचे महत्त्व

सार्वजनिक भीमजयंतीची सुरुवात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात केली, असे मानले जाते. त्याच्या वर्षभर आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. ज्या समाजाला पाणवठ्यावर जायला आणि भर रस्त्याने ताठ मानेने चालायला मनाई होती, तो समाज निळा झेंडा घेऊन रस्त्यावर येतो, हा या मिरवणुकीचा अर्थ आहे. ती केवळ करमणूक नाही. त्यामुळेच मिरवणूक काढू नका, हे शब्द आपल्या माणसांना सहज पचत नाहीत. या रस्त्यासाठी मागच्या पिढ्यांनी मार खाल्ला आहे.

२०२० : घरातली जयंती

देशव्यापी लॉकडाऊन २५ मार्च २०२० पासून २१ दिवसांसाठी लागू झाला. त्याचा शेवटचा दिवस होता १४ एप्रिल. त्याच सकाळी पंतप्रधानांनी ही मुदत ३ मेपर्यंत वाढवली. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर यांच्यासह अनेक नेत्यांनी जयंती घरीच साजरी करण्याचे आवाहन केले आणि समाजाने ते मानले. घरोघरी प्रतिमेला पुष्पहार, मेणबत्ती, त्रिसरण-पंचशील आणि खीर, तर संध्याकाळी मोबाईलवर व्याख्यान, अशी ती जयंती झाली.

पुढे ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळाही रद्द झाला. ६ डिसेंबर २०२० रोजी ६४ व्या महापरिनिर्वाण दिनी अनुयायांनी दादरला न येता घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन शासन आणि मुंबई महापालिकेने केले. चैत्यभूमीवरून थेट प्रक्षेपण झाले.

२०२१ : अधिक कठीण वर्ष

पहिल्या वर्षी सगळेच बंद होते. दुसऱ्या वर्षी मात्र लोक एक जयंती हुकल्याची हुरहूर मनात घेऊन तयारीत होते. त्यातच दुसरी लाट आली. २५ मार्च २०२१ च्या रात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली. तिसऱ्या मजल्यावरील सनराईज रुग्णालयात कोरोनाचे रुग्ण दाखल होते. किमान १० जण दगावले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत जयंती होती.

१३ एप्रिलला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कडक निर्बंध जाहीर केले. ते लागू झाले १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून. मिरवणूक रंगात येण्याची नेमकी तीच वेळ.

भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावर दाट वस्त्या आहेत. अरुंद गल्ल्या, दहा बाय दहाच्या खोल्या, सार्वजनिक शौचालय. अशा घरात एकाला बाधा झाली तर त्याला वेगळे ठेवायचे कुठे? गर्दीतून आलेला आजार बंगल्यात एका खोलीत अडवता येतो, चाळीत येत नाही. मिरवणूक थांबवण्यामागचे सर्वात सबळ कारण हेच होते.

नियम सर्वांना सारखा होता का?

हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. महाराष्ट्रात २०२० मध्ये आषाढी वारी पायी निघाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, त्याऐवजी मंडळाने आरोग्योत्सव घेतला. म्हणजे बंधन फक्त आपल्यावर नव्हते. पण १४ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्याच दिवशी, हरिद्वारला कुंभमेळ्याचे शाही स्नान झाले आणि तिथे लाखोंची गर्दी होती. हा दुजाभाव नोंदवून ठेवलाच पाहिजे. मात्र त्याला उत्तर म्हणून आपणही गर्दी केली असती, तर किंमत आपल्याच वस्तीने मोजली असती.

नुकसान कोणाचे झाले?

बँड आणि बेंजो पथके, गायन पार्ट्या, मंडप-लाईटवाले, हार-फुले विकणारे यांचे दोन हंगाम बुडाले. चैत्यभूमीवरील पुस्तकविक्रीवर वर्षाचे गणित बसवणाऱ्या छोट्या प्रकाशकांनाही फटका बसला. वर्गणी नाही म्हणून मदत नाही, असे पुन्हा होऊ नये.

पुढे अशी वेळ आली तर

१. निर्णय मंडळांनी आणि विहार समित्यांनी एकत्र बसून, लवकर घ्यावा. पोलिसांची नोटीस येईपर्यंत थांबू नये. स्वतः थांबणे आणि थांबवले जाणे यात फरक आहे.
२. जमलेल्या वर्गणीचा हिशोब मांडून ती औषध, धान्य आणि कलावंतांच्या मदतीसाठी वापरावी.
३. रक्तदान आणि सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम नियम पाळून चालू ठेवावा.
४. नियम कोणाला लागू झाला आणि कोणाला सूट मिळाली, याची तारखेसह नोंद ठेवावी.

याला आपल्याच परंपरेचा आधार आहे. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः आनंदासोबत केल्याची कथा विनयपिटकात आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. माणूस वाचवणे हे या परंपरेत अभिवादनापेक्षा वेगळे काम मानलेले नाही.

एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला राज्यातील निर्बंध उठले आणि १३१ व्या जयंतीला मिरवणुका पुन्हा निघाल्या. दोन वर्षे रस्ता रिकामा राहिला, पण त्यावरचा आपला हक्क कुठेही गेला नव्हता.

जय भीम! नमो बुद्धाय!