रामटेकची किमया : नागार्जुन एक की अनेक?

रामटेक म्हटले की कालिदासाचे ‘मेघदूत’ आठवते. मात्र नागपूर जिल्ह्यातील याच परिसरात पाऱ्यापासून सोने करणाऱ्या सिद्ध नागार्जुनाची आख्यायिकाही सांगितली जाते. दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आणि रसविद्येचा आचार्य नागार्जुन या भिन्न व्यक्ती असाव्यात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 11 व्या शतकात अल्बेरुनीने उल्लेखिलेला रसायनवेत्ता नागार्जुन तर सोमनाथजवळचा, आणि त्याच्या सुमारे 100 वर्षे आधीचा. रसशास्त्रात पाऱ्यावरील 18 संस्कार वर्णिले आहेत. पारा व गंधक खलात घोटल्यास काळी कज्जली बनते. ती विधिपूर्वक तापवून लाल रससिंदूर मिळतो. सोने मात्र मिळत नाही. पारा विषारी असल्याने कायाकल्पाच्या मोहाने घेतलेली अशुद्ध औषधे आजही जिवावर बेतू शकतात.