बोरघाट आणि इटलीची द्राक्षमदिरा

मावळ हा भाताचा आणि पावसाचा मुलूख. लोणावळ्याहून कार्ल्याच्या लेण्याकडे जाणाऱ्यास द्राक्षमदिरेची आठवण व्हावी, असे वाटेत काही नाही. तरीही या डोंगराचा इटलीतील एका नामांकित डोंगराशी काही संबंध होता काय, हा प्रश्न आम्हांस विचारण्याजोगा वाटतो.

इटलीच्या कंपेनिया प्रांतात मॅसिकस डोंगराच्या उतारावर फॅलर्नियन मद्याचे मळे होते. माथा, मध्य आणि पायथा येथल्या मद्यांना निरनिराळी नावे असल्याचे प्लिनीने लिहून ठेवले आहे. रोमन धनिकांच्या पंगतीत या मद्याचा मान मोठा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी येणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख असून त्यातही इटलीच्या मद्यास विशेष पसंती, असे म्हटले आहे. त्याच ग्रंथात कल्याणचेही नाव आहे. आणि कोकणातून देशावर चढणारी एक जुनी वाट बोरघाटाची.

एवढ्यावरून फॅलर्नियनचे रांजण मावळात आले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्या काळचा दोन कानांचा इटालियन रांजण रिकामाही जड असे. म्हणजे बराचसा भार मातीचाच. शिवाय पश्चिम भारतात रोमन म्हणून नोंदलेली पुष्कळ खापरे फेरतपासणीत मेसोपोटेमियाकडील ठरली आहेत.

मग हाती काय उरते? कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांब. त्यांपैकी काही खांब धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिल्याचे लेख तेथेच कोरलेले आहेत. एकाचे नाव सिहधय, दुसऱ्याचे धम्म. नावे इथली, भाषा प्राकृत, दान बुद्धाच्या संघाला. याच लेण्याच्या दारांवर त्याच गावचा गंधी सिंहदत्त आणि सुतार सामी यांचीही नावे आहेत. परका आणि गावकरी, व्यापारी आणि कारागीर, असा भेद त्या अक्षरांच्या आकारात दिसत नाही.

परदेशचा किती उंची माल आपल्याकडे येत होता, यावरून पूर्वजांची थोरवी मोजण्याची आपणांस सवय आहे. कार्ल्याचा दगड वेगळा हिशेब सांगतो. मद्य आले असेल तर ते पिऊन संपले. ज्यांना येथे आपले म्हणून सामावून घेतले, त्यांची नावे मात्र दोन हजार पावसाळे झेलून उभी आहेत.