समुद्र आणि सुट्टी



डोंगरात उभे राहून समुद्रावर बोलणारा माणूस हास्यास्पद ठरण्याचा संभव फार. नाशिकहून पेठला यावयाचे म्हणजे सावळघाट, कोटंबीचा घाट अशी चढउतार करीत यावे लागते, आणि येथे समुद्राची आठवण निघते ती बहुधा मृगात, ढग तिकडून येतात म्हणून. तरीही आम्ही हा विषय घेतला. नाशिक शहराचे पाणी गोदावरीत पडते आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. पेठच्या डोंगराचे पाणी पश्चिमेस उतरते आणि दमणगंगा, पार या नद्यांवाटे त्या मानाने थोडक्याच अंतरात अरबी समुद्रात जाते. दमणगंगेच्या मुखाशी दमण हे गाव आहे. देवका आणि जांपोर हे तेथले किनारे सुट्टीच्या दिवशी माणसांनी फुलून जातात. म्हणजे पेठचे पाणी दर वर्षी दमणची सहल करून येते. प्रश्न माणसांचा आहे.

काही वर्षांपूर्वी बांधकाम मजुरांची नोंदणी करीत आम्ही या तालुक्यातील एका पाड्यावर बसलो होतो. एका तरुणाने सांगितले की, दोन महिने त्याने समुद्राकाठच्या एका हॉटेलात फरशी बसविण्याचे काम केले. आम्ही सहज विचारले, “मग समुद्रात डुंबलास की नाही?” तो म्हणाला, “नाही, काका. वरच्या मजल्यावरून रोज दिसायचा. पण उजेड असेतो काम, आणि खाडा केला की हजेरी जायची.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि हेच आम्हाला अधिक लागले. ज्याने पाहुण्यांच्या पायांखाली फरशी घातली, त्याचे पाय त्या पाण्याला लागले नाहीत. समुद्र आणि सुट्टी यांचा संबंध काय, हे आम्ही तेव्हापासून शोधीत आहो. त्या शोधाचा हा थोडक्यात वृत्तांत.

समुद्रावर मौजेसाठी जाणे ही कल्पना फार जुनी नाही. आपल्याकडे समुद्रस्नान होते, पण ते पर्वकाळी, पुण्यासाठी. कोळ्यांचा समुद्र हा त्यांचा मळा; नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करावयाचा आणि जाळे घेऊन निघावयाचे. मुंबईच्या गिरणगावातील कोकणी कामगाराला समुद्र म्हणजे गावी जाण्याची वाट. त्याची रजा बोटीच्या वेळापत्रकाशी बांधलेली असे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, सणासाठी निघालेल्या उतारूंनी भरलेली ‘रामदास’ बोट रेवसच्या अलीकडे बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता, वर्षाकाठी मिळालेले चार दिवस घरी घालवावे एवढ्याच इच्छेने ती माणसे निघाली होती.

तेव्हा समुद्राचा इतिहास पाहावयाचा तर आधी सुट्टीचा इतिहास पाहिला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि रविवार हा इतर वारांसारखाच एक वार होता. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांना काहीच दिले नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून हा प्रश्न हाती घेतला. सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्यांत स्त्री-कामगारांचीही भाषणे झाली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षीच्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर शिक्का बसला. आज आपण रविवारी चौपाटीवर किंवा जुहूला जातो तेव्हा तो रविवार सूर्याने नव्हे, लोखंड्यांनी आणि त्या दहा हजारांनी मिळवून दिला आहे, हे मुलाबाळांना सांगावयास हरकत नाही.

येथे एक गंमत नमूद केली पाहिजे. हिंदुस्थानात कारखान्यांचा कायदा व्हावा म्हणून विलायतेत सर्वांत मोठा आवाज कोणी केला असेल, तर तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जड जात होते. म्हणजे ती दया निर्मळ नव्हती. पण त्याच लँकेशायरच्या कामगारांची कथा आपल्या विषयाला फार उपयोगी आहे.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर ब्लॅकपूल नावाचे गाव आहे. १८४६ साली तेथे आगगाडी आली. लँकेशायरच्या गिरणगावांत जत्रेचा एक आठवडा पाळण्याची जुनी चाल होती. त्या आठवड्यात गावातील सगळ्या गिरण्या एकदम बंद होत. गावेच्या गावे गाडीत बसून ब्लॅकपूलच्या वाळूवर उतरू लागली. पण त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. कामगार वर्षभर मंडळीत नाणे-नाणे टाकून पैसा साठवीत, आपल्याकडे भिशी लावतात त्याप्रमाणे, आणि तो आठवडाभरात खर्चून रिकाम्या हाताने परत येत. पगारी सुट्टीसाठी त्यांना पुढे पुष्कळ झगडावे लागले. फ्रान्समध्ये १९३६ च्या मोठ्या संपानंतर दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात सवलतीच्या तिकिटावर लाखो कामगार कुटुंबे प्रवासास निघाली. त्यांतील अनेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. ब्रिटनमध्ये तसा कायदा १९३८ साली आला. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस असा हिशेब घालून दिला. २०२० च्या संहितेत २४० ची अट १८० वर आली. कागदावर हे पाऊल पुढचे आहे. पण १८० दिवस एकाच मालकाच्या हजेरीपटावर ज्याचे नाव टिकते, त्यालाच ते कामाचे. आमच्या पाड्यावरचा तरुण वर्षातून चार मुकादम बदलतो. त्याचे दिवस भरतात. त्याच्या नावावर मात्र भरत नाहीत.

आता लाटांच्या खेळाकडे वळू. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहावयाचे आणि लाटेबरोबर किनाऱ्यास यावयाचे, या खेळाला सर्फिंग म्हणतात. आपण तो चित्रपटांत पाहतो आणि श्रीमंत गोऱ्यांचा समजतो. वस्तुतः तो पॅसिफिक बेटांवरील सावळ्या लोकांचा खेळ. हवाई बेटांत राजे, सरदार, स्त्रिया, सामान्य जन सारेच तो खेळत. भेद तेथेही होताच: सर्वांत लांब आणि जड फळ्या सरदारांच्या, आखूड फळ्या सामान्यांच्या. १८२० नंतर मिशनरी आले, त्यांना हा खेळ आळशीपणाचा वाटला. परक्या रोगांनी माणसे मेली, उरलेल्यांना मळ्यांची मजुरी आली आणि खेळ जवळजवळ बुडाला. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाईच्या लोकांनी तो पुन्हा उभा केला. त्यांच्यातील ड्यूक कहानामोकू याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले आणि पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन लाटेवर उभे राहून दाखविले. टोकियोचे जे ऑलिंपिक २०२१ साली भरले, त्यात हा खेळ प्रथमच घेण्यात आला. आपल्या देशातही तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चेन्नईजवळच्या कोवळम आणि महाबलिपुरम येथे कोळ्यांची मुले या खेळात पुढे आली आहेत. बापाने ज्या लाटेशी पोटासाठी झुंज घेतली, त्याच लाटेवर मुलगा हौसेने उभा राहतो. आमच्या मते प्रगती म्हणतात ती हीच. मात्र त्यासाठी सकाळचे दोन तास मोकळे असावे लागतात.

पुन्हा दमणला येऊ. १५५९ साली पोर्तुगीजांनी ते घेतले. दादरा आणि नगरहवेली हा आपल्या शेजारचा मुलूख पेशव्यांनी १७८० नंतरच्या काही वर्षांत तहाने त्यांना दिला, आणि तेथील जंगलाचा साग उतरून दमणला जहाजे बांधली जात. सागाची पाठवणी समुद्राकडे आणि मजुराची पाठ ओझ्याकडे, असा हा जुना व्यवहार. १९५४ साली दादरा-नगरहवेली मुक्त झाली. त्या लढ्यात गायक सुधीर फडकेही होते. १९६१ च्या डिसेंबरात दमण सोडविण्यास जी पलटण गेली, ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली. १९ डिसेंबरला किल्ल्यावर आपला झेंडा चढला. शेजारी गुजरातेत दारूबंदी, म्हणून दमणला पाहुण्यांची रीघ लागली. हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण कुटुंबे येतात ती वाऱ्यासाठी आणि वाळूसाठी.

त्या वाळूवर जाणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो. ओहोटीला पाणी दूर हटते, माणूस त्याच्यामागे चालत जातो, आणि भरती वळली की पाठीमागचे सखल भाग आधी भरतात. म्हणून वेळ विचारल्यावाचून आत जाऊ नये. दुसरी गोष्ट पाण्याची. दमणगंगेच्या काठी वापीचे कारखाने आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तीत वापी दुसरी होती. डोंगरातून निर्मळ निघालेले पाणी समुद्रास जाईतो कसे होते, हे त्या कारखान्यांत राबणाऱ्यांना कोणी सांगावे लागत नाही.

किनारा कोणाचा, हाही प्रश्न आहे. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा ही सरकारकडे जनतेची ठेव आहे. २०१९ साली दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील २०० मीटरची बांधकामबंदी ५० मीटरवर आणण्यात आली. ठेव ठेवणाऱ्याने अधूनमधून पेढीवर जाऊन आपली रक्कम पाहून यावी, नाही तर पेढीवाला विसरतो. जो कधी किनाऱ्यावर जातच नाही, त्याची ठेव सर्वांत आधी बुडते.

म्हणून आम्ही एक लहानसा उपक्रम केला. नोंदणी झालेल्या मजुरांनी महिन्याला थोडेथोडे जमविले आणि एका रविवारी दोन गाड्या करून आम्ही कपराड्याच्या घाटाने दमणला उतरलो. तो हॉटेलवाला तरुण सोबत होता. त्याने इमारत आम्हाला लांबून दाखविली, पण तिकडे फार वेळ पाहिले नाही. एक म्हातारी बाई पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळ तोंडाला लावली, थुंकली आणि म्हणाली, “आपल्या नदीचं पाणी इतकं खारट कशानं झालं?” सगळे हसले. आम्हीही हसलो. उत्तर मात्र आम्हाला सुचले नाही.

परत निघताना त्या तरुणाला शोधावे लागले. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि येणारी प्रत्येक लाट अंगावर घेत होता. गाडीवाला घाई करू लागला. आम्ही त्याला म्हणालो, “थांबा हो थोडे. त्याचा आज खाडा नाही, सुट्टी आहे.”

ही सुट्टी त्याने स्वतःच्या पैशाने घेतली होती. त्या दिवसाची मजुरी बुडालीच. ब्लॅकपूलला जाणारा गिरणी-कामगार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जेथे होता, तेथे आमचा हा मजूर आज आहे. पुढचा रस्ता नवा शोधावयाचा नाही. लोखंड्यांनी तो आखून दिला आहे. हजेरी लिहून घ्या, दिवस मोजा, एकत्र या आणि मागा. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. आमची ही रजा बिनपगारी आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.