आधी ऐका, मग बोला. पण ऐकायचं कुणाचं?

तुमच्या घरच्या वायफाय राउटरच्या सेटिंगमध्ये कधी खोलवर डोकावलात, तर बऱ्याच राउटरमध्ये 'आरटीएस थ्रेशोल्ड' नावाचा एक आकडा सापडेल. आपण कुणी त्याला हात लावत नाही, लावायची गरजही सहसा पडत नाही. पण त्यामागच्या कल्पनेचा एक धागा हौशी रेडिओवाल्यांपर्यंत, म्हणजे हॅम लोकांपर्यंत जातो. आज तोच धागा पकडू या.

सुरुवात हवाईपासून करावी लागते. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यापीठात 'अलोहानेट' सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनल्स एकाच फ्रिक्वेन्सीवरून मुख्य कॉम्प्युटरला संदेश पाठवायची. नियम अगदी साधा होता: मनात आलं की बोला, पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा बोला. दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं वाया. गणित केलं तर अशा पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो.

१९७८ मध्ये कॅनडातल्या हॅम मंडळींनी हीच कल्पना आपल्या फ्रिक्वेन्सींवर आणली. त्या वर्षी माँट्रिऑलमध्ये पहिले प्रयोग झाले. पाठोपाठ व्हँकुव्हरच्या गटाने 'टीएनसी' नावाची एक पेटी तयार केली. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला साधा वॉकीटॉकीसारखा रेडिओ आणि मध्ये ही पेटी. टाइप केलेल्या मजकुराचे ती तुकडे करायची, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कॉल साइन लावायची आणि दोन वेगळ्या सुरांत ते हवेत सोडायची. वेग होता सेकंदाला १२०० बिट. म्हणजे २५६ अक्षरांचा एक तुकडा जायला पावणेदोन सेकंद! तेवढा वेळ बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं.

हॅम लोकांचा जुना शिष्टाचार आहे: आधी ऐका, मग बोला. टीएनसीलाही तेच शिकवलं. चॅनेलवर कुणी बोलत असेल तर थांब. पण बोलणारा थांबला की ताटकळलेले सगळे एकदमच तोंड उघडणार, नाही का? म्हणून पुढे त्यात फासे टाकण्याची सोय आली. चॅनेल मोकळं झालं की प्रत्येक पेटी मनातल्या मनात फासा टाकते. चारात एकदा दान पडतं, तेव्हाच बोलायचं, नाहीतर क्षणभर थांबून पुन्हा फासा.

इतकं करूनही चॅनेल तुंबायचं. का, ते बघा.

डोंगराच्या अलीकडे एक हॅम आहे, पलीकडे दुसरा. डोंगरमाथ्यावर तिसरं स्टेशन आहे. माथ्यावरच्याला दोघंही ऐकू येतात, पण त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. अलीकडचा ऐकतो: शांतता. पलीकडचाही ऐकतो: शांतता. दोघं शिष्टाचार पाळून बोलतात आणि माथ्यावर नुसता गोंधळ होतो. याला 'लपलेल्या स्टेशनचा प्रश्न' म्हणतात. टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच त्याचं गणित मांडलं होतं. हॅम लोकांना मात्र तो रोज संध्याकाळी भोगावा लागत होता, कारण त्यांचं जाळं उभंच होतं डोंगरमाथ्यावरच्या, ऐकलेलं पुन्हा बोलणाऱ्या स्टेशनांवर. त्यात पोच अगदी शेवटच्या टोकाकडूनच यायची. मध्ये अशी तीन स्टेशनं धरा. म्हणजे जाताना चार टप्पे, पोच येताना चार. प्रत्येक टप्प्यावर यशाची शक्यता ९० टक्के असली, तरी आठही टप्पे सुखरूप पार पडायची शक्यता फक्त ४३ टक्के. उरलेल्या वेळी सगळा प्रवास पहिल्यापासून. म्हणजे गर्दीत आणखी भर.

आणि खरी गोम अशी, की यात सभ्य माणसाचं नुकसान व्हायचं. ज्याने आपल्या पेटीत थांबायचा वेळ कमी ठेवला, त्याला आधी संधी. नियम पाळणारा बसला वाट बघत.

१९९० मध्ये फिल कार्न (कॉल साइन केए९क्यू) यांनी हॅम लोकांच्या कॉम्प्युटर नेटवर्किंग परिषदेत एक छोटा निबंध मांडला. त्यांचा मुद्दा असा: बोलणाऱ्याच्या कानाला काय ऐकू येतंय याला फारसा अर्थ नाही, कारण टक्कर होते ती ऐकणाऱ्यापाशी. मग ऐकणाऱ्यालाच विचारा! आधी एक चिमुकला संदेश पाठवायचा, 'इतकं लांब बोलायचंय, बोलू का?' ऐकणारा उत्तर देतो, 'हो, तेवढा वेळ बोल.' हे 'हो' डोंगरापलीकडच्यालाही ऐकू येतं आणि तो तेवढा वेळ गप्प राहतो. टक्कर झालीच तर ती चिमुकल्या संदेशांची. पावणेदोन सेकंदांचा ऐवज वाचतो.

पुढे १९९४ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेशी संबंधित संशोधकांनी ही पद्धत सुधारून मांडली. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात 'विचारून बोलण्याची' सोय आली. आरटीएस म्हणजे तोच प्रश्न: बोलू का?

आता एक सावधगिरी. 'वायफायचा शोध हॅम लोकांनी लावला' असं कृपया फॉरवर्ड करू नका. स्वतः कार्न यांनी आधीच्या पद्धतींचा आधार घेतला होता, आणि वायफायने 'आधी ऐका' सोडलेलं नाही. 'विचारून बोला' हा त्यातला जोडीचा पर्याय आहे, तोही मोठ्या तुकड्यांपुरता. लहान तुकड्यासाठी आधी परवानगी मागणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मला या इतिहासात महत्त्वाची वाटते ती अडचण. या मंडळींना स्वतःपुरती फ्रिक्वेन्सी विकत घेता येत नव्हती आणि वरून हुकूम सोडणारा कुणी साहेबही नव्हता. जागा सगळ्यांची, म्हणून वाटून घ्यायची रीत शोधणं भाग पडलं. आणि त्या शोधात कळलं ते असं, की आपण सभ्यपणे वागलो एवढं पुरत नाही. समोरच्याच्या कानाशी काय चाललंय, हे आपल्या जागेवरून दिसत नसतं. ते त्यालाच विचारावं लागतं.